गावच्या वाचनालयासाठी कादंबऱ्या आणि पाककृतींची पुस्तके कशी निवडावीत?

प्रश्न — ग्रामवाचनालय_चिटणीस

बीड जिल्ह्यातील एका गावात आमचे ‘ड’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीचे, मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालय आहे आणि यंदापासून चिटणीसपदाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नियमित येणाऱ्या सभासदांत महिला अधिक आहेत आणि त्यांच्या दोन मागण्या सातत्याने असतात: नव्या कादंबऱ्या आणि स्वयंपाकाची पुस्तके. पुस्तक खरेदीसाठी हाताशी असलेली रक्कम थोडी आहे. कार्यकारिणीतील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, पाककृती आता मोबाईलवर फुकट मिळतात, तेव्हा त्यांच्यावर वाचनालयाचा पैसा खर्च करू नये. मला हे पटत नाही, मात्र बैठकीत मांडता येईल असे कारण सापडत नाही. ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणी अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या आणि पाककृतींची पुस्तके यांविषयी आपले मत सविस्तर सांगितले, तर मोठी मदत होईल. नुसती यादी नको. एखादे पुस्तक का घ्यावे किंवा का घेऊ नये, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर — देवघेव_विभाग

नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या ग्रंथालयात देवघेवीचे काम पाहते आणि या दोन्ही प्रकारची पुस्तके स्वतः वाचूनच सभासदांना सुचवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. एखाद्या पदार्थाची कृती मोबाईलवर मिळते. परंतु एका प्रदेशाचा, एका समाजाचा सबंध स्वयंपाक, त्यात काय रोजचे आणि काय सणाचे, काय परवडणारे आणि काय वर्ज्य, हे सुट्या चित्रफिती पाहून हाती लागत नाही. ते चांगल्या पुस्तकातच एकत्र सापडते. आम्ही पाककृतींची पुस्तके ६४१.५ या वर्गांकाखाली (पुस्तके विषयवार लावण्याच्या क्रमांकाखाली) लावतो आणि मराठी कादंबऱ्या ८९१.४६३ खाली, त्यामुळे दोन्हींची कपाटे एकमेकांपासून दूर असतात. तरीही निवड करताना मी दोन्हींना एकच प्रश्न विचारते: लिहिणाऱ्याला ते घर आतून ठाऊक आहे का? चूल कोण पेटवते, घरात काय संपलेले असते, शेवटी कोण जेवते, हे ज्याला माहीत नाही त्याची कादंबरीही मला पोकळ वाटते आणि त्याचे पाककृतींचे पुस्तकही.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि आजही आमच्याकडे ते कपाटात फार काळ राहत नाही. त्याचे मोठे बळ म्हणजे वाटी आणि चमचा यांचे माप. ज्या घरात वजनकाटा नाही त्या घरातली मुलगीही ते पुस्तक समोर ठेवून स्वयंपाक शिकू शकते, कारण वाटी लहान असो वा मोठी, सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले की प्रमाण बिघडत नाही. दिवाळीनंतर आमची प्रत परत येते तेव्हा चकलीच्या पानाला तेलाचे बोट लागलेले असते. एकीने तिथे समासात शिसपेन्सिलीने ‘मोहन बेताने’ असे लिहून ठेवले आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. ही एक नोंद मात्र मी मुद्दाम खोडलेली नाही, कारण ते पान उघडणाऱ्या पुढच्या प्रत्येक बाईच्या ती कामाची आहे.

दुर्गा भागवत यांचे ‘खमंग’ मी नुकतेच पुन्हा वाचले. लोकसंस्कृतीचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या विदुषीने स्वयंपाकाकडे त्याच आस्थेने पाहिले, म्हणजे काय घडते हे तिथे दिसते. पदार्थाबरोबर आठवण येते आणि तो खिलवणारी माणसे येतात. हे पुस्तक स्वयंपाकघरात उघडून ठेवण्यापेक्षा दुपारी निवांत वाचण्याचे आहे. सभासदाला घाईने उद्याच्या पाहुण्यांसाठी काही करायचे असेल तर मी ते देत नाही, मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ देते.

आपले वाचनालय मराठवाड्यात आहे, म्हणून ज्या पुस्तकाचा मी सर्वाधिक आग्रह धरीन ते शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. ते २०१५ साली आले आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होते, याची नोंद त्यात आहे: येसूर (भाजलेली धान्ये आणि मसाले यांचे पीठ) घालून केलेली कालवणे, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रानातून खुडून आणलेल्या भाज्या. आपल्या बहुतेक पाककृतींच्या पुस्तकांत ‘दोन चमचे तूप’ हे इतके सहज येते की ते तूप कुणाच्या घरी असते आणि कुणाच्या घरी नसते, हा प्रश्नच मनात उठत नाही. पाटोळे यांच्या पुस्तकात तेल, तूप आणि दूध यांचा अभाव पानोपानी जाणवतो आणि त्या अभावात चव कशी निर्माण केली गेली हे नीट समजते. मराठी ‘पारंपरिक’ स्वयंपाक म्हणून आपण जे सांगत आलो ते बऱ्याच अंशी मोजक्या समाजांच्या स्वयंपाकाचे वर्णन होते, हे या एका पुस्तकाने मला जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दाखवले नव्हते. आपल्या गावातल्या कित्येक सभासदांना त्यात स्वतःच्या आजीचे घर दिसेल, आणि इतरांना शेजारचे घर प्रथमच दिसेल.

आता कादंबऱ्यांविषयी. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मी अलीकडे वाचली. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणामुळे गाव उठते आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला एक माणूस पुन्हा त्या रानात जातो, एवढेच कथानक आहे. परंतु माणूस आणि जनावर एकमेकांसमोर उभे राहतात त्या भागात लेखकाने जी नजर दाखवली आहे ती विलक्षण आहे. म्हशीचे हुंगणे, बिचकणे, अंगावर येणे हे ज्याने गोठ्यात जन्म काढला आहे त्यालाच असे लिहिता येते. विस्थापनावरच विश्वास पाटील यांची १९९१ ची ‘झाडाझडती’ आहे. तिच्यात कचेऱ्या, पुढारी, पुनर्वसनाचे कागद असा सगळा कारभार येतो, तर ‘रिंगाण’मध्ये तो कारभार पार पडल्यानंतर उरलेले दुःख येते. दोन्ही घेणे शक्य असल्यास दोन्ही घ्याव्यात आणि शक्यतो एकाच वाचकाला पाठोपाठ द्याव्यात.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) आपल्याकडे नसेल तर अवश्य घ्यावी. शिकून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचे विस्कटत जाणारे घर हा विषय आपल्या भागातील वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. काही ठिकाणी संवाद लांबतात आणि व्याख्यानाच्या वळणाने जातात, असे माझे मत आहे, पण घरातील ताण जिथे येतो तिथे ती कादंबरी हातातून सोडवत नाही. कविता महाजन यांची ‘ब्र’ ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या स्त्रियांच्या वाट्याला काय येते ते सांगते; महिला सभासदांत तिची चर्चा घडवून आणता येईल. ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी वेगळे लिहीत नाही, कारण त्या मागितल्या जातातच.

घेऊ नयेत अशा पुस्तकांचाही उल्लेख करते. गुळगुळीत कागदावर मोठी रंगीत छायाचित्रे छापलेली, एकेका पानावर चार ओळींची कृती असलेली आणि शेवटी सूची नसलेली पाककृतींची पुस्तके छोट्या वाचनालयाने टाळावीत. ओला हात लागला की तो कागद एकमेकांना चिकटतो, डिंकाने चिकटवलेली बांधणी ओट्यावर पुस्तक सपाट उघडताच सुटते आणि सूची नसल्याने हवा तो पदार्थ सापडत नाही. खरेदीपूर्वी बांधणी शिवलेली आहे का, हे पाहावे.

उत्तर — हर्णे_दापोली

वरील उत्तर मनापासून आवडले, तरी दोन गोष्टींबाबत माझे मत वेगळे आहे. ‘रिंगाण’ची बोली पन्हाळ्याच्या बाजूची आहे. बीडच्या वाचकाला ती सुरुवातीला अडखळायला लावील आणि छोट्या वाचनालयात पहिल्या वीस पानांत अडलेले पुस्तक तसेच परत येते. त्याऐवजी गो. नी. दांडेकर यांची ‘पडघवली’ (१९५५) सुचवावी असे मला वाटते. अंबावहिनीच्या तोंडून सांगितलेली ती उजाड होत जाणाऱ्या गावाची कथा आहे, आणि बोली कोकणातली असली तरी बोलणारी बाई समोर बसून बोलत असल्यामुळे वाचक तिच्याबरोबर चालू लागतो. वेळ असलेल्या सभासदांसाठी श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) आहेच. कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरच्या एका घराण्याच्या चार पिढ्या दोन खंडांत वाचणे हा पावसाळ्याचा उत्तम उद्योग आहे.

दुसरी गोष्ट मापांची. मी स्वतः निवृत्तीनंतर स्वयंपाक शिकलो. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मी वाचले आणि त्याचे सामाजिक मोल मान्य करतो, पण त्यातील बहुतेक कृतींना काटेकोर माप नाही. ज्याला शिकायचे आहे अशा माणसाच्या हाती ते देऊन काय साधेल?

उत्तर — देवघेव_विभाग

दादा, बोलीबद्दलचे आपले म्हणणे वाचकानुसार खरे ठरते. जनावरे राखलेला वाचक ‘रिंगाण’मधील अनोळखी शब्दांना अडत नाही, कारण शब्द नवा असला तरी प्रसंग त्याचा असतो, उलट बोली ओळखीची असूनही गोठा न पाहिलेला वाचक कंटाळतो, असा माझा अनुभव आहे. ‘पडघवली’ घ्यावी याला माझी पूर्ण संमती आहे.

मापाबद्दल मात्र मी माझ्या मताशी ठाम आहे. ज्या घरात धान्यच रोज निराळे आणि कमी-अधिक मिळत होते, तिथल्या स्वयंपाकाला ‘दोन वाट्या’ असे माप लावले तर ते खोटे होईल. जे मिळाले त्यात पाणी किती वाढवायचे, येसूर किती टाकायचा, जेवणारी तोंडे किती, हाच त्या स्वयंपाकाचा हिशेब होता. मापाचा अभाव हा तिथे लेखनातला दोष नाही, तर त्या जगण्याची नोंद आहे. शिकणाऱ्याने ‘रुचिरा’ घ्यावे आणि ज्याला हाताला थोडी सवय झाली आहे त्याने पाटोळे यांचे पुस्तक घेऊन एखादे कालवण करून पाहावे. हा क्रम मी सभासदांना सांगते.

उत्तर — बडोद्याची_लेक

मापाच्या चर्चेत एक भर घालते. माझी मुलगी परदेशी गेली तेव्हा ‘रुचिरा’ बरोबर दिले आणि तिने वाटीच्या जागी तिथला कप धरला. चकलीच्या भाजणीसारख्या पदार्थात, जिथे तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन आणि उडदाची डाळ एक असे साधारण घरगुती प्रमाण असते, तिथे काहीच अडले नाही. अडचण आली ती चमच्यांची. वाटी मोठी झाली आणि चमचा तोच राहिला, की मीठ आणि तिखट कमी पडते. नव्याने शिकणाऱ्यांना पुस्तक देतानाच हे सांगावे.

शिवाय जुनी पाककृतींची पुस्तके निव्वळ वाचनासाठीही मिळवावीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० च्या सुमाराचे ‘गृहिणी-मित्र’ वाचताना पाठारे प्रभू समाजाच्या घरातील मासळी-मटणाचे प्रकार आणि त्यांच्या शेजारीच साहेबी पदार्थ पाहून त्या काळची मुंबई जशी समजते, तशी ती पुष्कळ कादंबऱ्यांतूनही मला समजली नव्हती.

प्रश्नकर्ता — ग्रामवाचनालय_चिटणीस

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बैठकीत मांडण्यासाठी पुरेसा मजकूर मिळाला. दोन शंका उरतात. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये गोमांसाचे उल्लेख असल्यामुळे कार्यकारिणीतून आक्षेप येईल असे वाटते, तो कसा हाताळावा? आणि सणाच्या आधी सगळ्याच सभासद ‘रुचिरा’ मागतात, तेव्हा एका प्रतीवर कसे भागवावे?

उत्तर — देवघेव_विभाग

आक्षेप आल्यास तो टाळू नये. पुस्तक बैठकीत न्यावे आणि ज्यांचा आक्षेप आहे त्यांना ते आधी घरी वाचायला द्यावे. सार्वजनिक वाचनालय गावातील प्रत्येक घराचे असते. त्यातील काही घरांच्या चुलीची नोंद कपाटात आहे आणि काहींची नाही, हे मान्यताप्राप्त संस्थेला शोभत नाही, असे स्पष्टपणे आणि शांतपणे मांडावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असा एक नियम आहे. ठरावात त्याचा आधार घेता येईल. पुस्तक कोणावर लादायचे नाही, फक्त मागणाऱ्याला ते मिळाले पाहिजे, हा मुद्दा ज्येष्ठांना सहसा पटतो.

‘रुचिरा’च्या शक्य असल्यास दोन प्रती घ्याव्यात. एक नेहमीच्या मुदतीने द्यावी आणि दुसरी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वाचनालयातच ठेवावी, म्हणजे सभासदांना हवी ती कृती बसून वहीत उतरवून घेता येईल. प्रती नव्या असतानाच जाड पुठ्ठ्याची बांधणी करून घ्यावी आणि वर प्लॅस्टिकचे वेष्टन घालावे. दाखल नोंदवहीत दोन्ही प्रतींना स्वतंत्र दाखल क्रमांक देण्यास विसरू नये, नाहीतर तपासणीच्या वेळी एक प्रत गहाळ दिसते. ‘रिंगाण’ आणि ‘बारोमास’ यांची मागणी आधी कोणी नोंदवली ते मात्र जरूर कळवावे. मला ते जाणून घ्यायला आवडेल.