ड्रेनेजची मर्यादा ढिली आहे, पण तिच्याखालची अट कोण पाळतंय?

इंद्रायणीकाठ:
कार्तिकी वारी जवळ आली की आळंदीच्या फेसाचे फोटो फिरू लागतात आणि नदीत पाणी सोडणाऱ्यांवर सगळे तुटून पडतात. मला त्याच्या आधल्या टप्प्याबद्दल बोलायचंय. कारखान्यांनी, हॉटेलांनी, वर्कशॉपनी सार्वजनिक ड्रेनेजमध्ये काय सोडावं?

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाणी नदीनाल्यात सोडण्याच्या आणि सार्वजनिक ड्रेनेजमध्ये सोडण्याच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बोलायचं तर नदीसाठी बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३०, ड्रेनेजसाठी ३५०. तरंगणारा गाळ १०० आणि ६००. सायनाइड ०.२ आणि २. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम धातूचं जास्त विषारी रूप) ०.१ आणि २, म्हणजे तब्बल वीसपट सूट.

ही सूट एका अटीवर आहे. ड्रेनेज जर जैविक प्रक्रिया असलेल्या शुद्धीकरण केंद्राला जात असेल तरच ड्रेनेजचे आकडे लागू, नाहीतर ते पाणी नदीत सोडलं असंच धरायचं. आता सांगा, आपल्या किती शहरांत औद्योगिक वसाहतीतली प्रत्येक लाइन केंद्रापर्यंत पोचते? ती मध्येच ओढ्याला मिळाली, तर ढिला आकडा दाखवून घेतलेली परवानगी माझ्या मते नियमात बसत नाही.

माझ्या मागण्या दोन. कुठली लाइन कुठल्या केंद्राला जाते त्याचा नकाशा पालिकांनी लोकांसमोर ठेवावा. आणि जड धातू व सायनाइडसाठी ड्रेनेजची सूट सरळ रद्द करावी, कारण जीवाणू मैला खातात, क्रोमियम खात नाहीत.

गाळा_नंबर_१४:
माझं प्लेटिंगचं, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा चढवायचं, छोटं युनिट आहे, म्हणून मला बोलणं भाग आहे. आळंदीचा फोटो आधी लावायचा आणि खाली क्रोमियमवर यायचं, हे मला पटत नाही. फेस साबणाचा आणि डिटर्जंटचा असतो. तो लाखो घरांच्या मोऱ्यांतून येतो. घरांना मर्यादा नाही, तपासणी नाही, नोटीस नाही. आम्ही मात्र लाल वर्गात, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत. कन्सेंट (प्रदूषण मंडळाची परवानगी) घ्या, नूतनीकरण करा, नमुने द्या, घातक गाळ तळोज्याच्या नाहीतर रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला गाडीभाडं भरून पाठवा.

आमच्यासारख्यांकडे जागा म्हणजे एक गाळा. त्यात टाक्या, रेक्टिफायर (टाकीला वीज देणारं यंत्र), माल धुवायची जागा आणि ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) सगळं बसवायचं. आज २ ची मर्यादा पाळताना दम लागतो, उद्या ०.१ म्हणालात तर अर्धे गाळे बंद होतील. काम मात्र थांबणार नाही. ते कन्सेंटच नसलेल्या शेडमध्ये जाईल.

कार्बनकॉपी:
फेसाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण फेस दिसतो आणि क्रोमियम दिसत नाही, एवढ्यावरून कशाची काळजी जास्त करायची ते ठरत नाही. साबणाचा बराच भाग चांगल्या चाललेल्या केंद्रात विघटित होतो. धातू पाण्यातून निघाला तर गाळात बसतो, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर मातीत साठत राहतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू तर विषारी धातू आणि सायनाइडला फार लवकर मान टाकतात. एका रात्री कुणी टाकी रिकामी केली की पुढचे कित्येक दिवस अख्ख्या शहराचं मैलापाणी अर्धवट शुद्ध होऊन नदीत जातं. घराघरांतला साबण हे करू शकत नाही.

निवृत्त_ड्रेनेज:
तीस वर्षं याच खात्यात काढली. नकाशाच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. कागदावर लाइन केंद्राला जोडलेली असते. प्रत्यक्षात पंपिंग स्टेशन बंद असलं की तेच पाणी बायपासने नाल्यात जातं. मग त्या तासांत ढिली मर्यादा कशाच्या आधारावर?

दुसऱ्या मागणीबद्दल मात्र सावध राहा. आकडा कडक करणं सोपं आहे, नमुना घेणं अवघड. नमुना दुपारी अकरा ते चारमध्ये घेतला जातो, टाकी रात्री सुटते. बऱ्याच गाळ्यांना स्वतंत्र तपासणी चेंबरच नसतो. आठ-दहा जणांचं पाणी एकाच चेंबरमध्ये मिसळतं आणि मग कुणाचं काय हे देवही सांगू शकत नाही. शिवाय मर्यादा लिटरमागे आहे. बोअरचं पाणी मिसळलं की तोच धातू मर्यादेत बसतो. दिवसाला १०,००० लिटर पाणी २ मिलिग्रॅमने सोडलं तर २० ग्रॅम क्रोमियम गेलं. १ मिलिग्रॅमने २०,००० लिटर सोडलं तरी तेवढंच गेलं. नदीच्या दृष्टीने काय फरक पडला? दिवसाला एकूण किती धातू सोडला यावर मर्यादा हवी.

सुगरण_मेस:
माझी मेस आहे, रोज दीडशे ताटं. तेल-ग्रीसची मर्यादा ड्रेनेजसाठी २० आहे हे मला या चर्चेतच कळलं. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवणारी टाकी) बसवलाय, पण त्यात जमणारा थर टाकायचा कुठे? कचऱ्याच्या गाडीवाले घेत नाहीत. तळणीचं उरलेलं तेल बायोडिझेलवाले नेतात, पण ट्रॅपमधला घाण चिकट थर कुणालाच नको असतो. मग लोक चेंबरचं झाकण उघडून ओततात आणि महिन्याभरात गल्ली तुंबते. नियम करणाऱ्यांनी शेवटची सोयही करावी.

निवृत्त_ड्रेनेज:
ताई, हा प्रश्न खरा आहे. गल्लीत जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करणारं) येतं तेव्हा निम्म्या वेळा चरबीच निघते. पालिकेने ट्रॅपचा गाळ उचलायला वेगळी गाडी ठेवली आणि त्याचे पैसे घेतले तरी हॉटेलवाले देतील. चेंबर तुंबल्यावर जेटिंगवर होणाऱ्या खर्चापेक्षा ते स्वस्तच पडेल.

रानवारा:
चर्चा आकड्यांतच अडकली आहे. कारखान्याचा थेंबही सार्वजनिक ड्रेनेजमध्ये नको, हीच एक भूमिका मला मान्य आहे. चेंबरमध्ये माणसं मरतात. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. लुधियानाच्या गियासपुऱ्यात ३० एप्रिल २०२३ ला मॅनहोलमधल्या विषारी वायूने ११ जण गेले, ते तर चेंबरमध्ये उतरलेलेही नव्हते. आम्लाचं पाणी सल्फाइडला भेटलं की हायड्रोजन सल्फाइड, सायनाइडला भेटलं की हायड्रोजन सायनाइड. कोण कुठे काय ओततंय हे कळत नसताना तुम्ही मिलिग्रॅम मोजत बसणार?

गाळा_नंबर_१४:
बंदी घातल्यावर काय होतं ते सुरतला दिसलं. जानेवारी २०२२ मध्ये सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं जात होतं, त्या वायूने सहा कामगार मेले. ते रसायन कायद्याने कुठेही ओतायला परवानगी नव्हतीच. बंदी होती, तरी टँकर आला. ड्रेनेजचं तोंड बंद केलंत तर असे टँकर वाढतील.

रानवारा:
टँकर येतात कारण पकडले जात नाहीत. त्यावर उपाय म्हणून ड्रेनेजचं तोंड उघडं ठेवायचं, हे मला कदापि पटणार नाही. प्रत्येक टँकरला जीपीएस लावा, भरल्याची आणि रिकामा केल्याची पावती ताडून बघा. चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर तुमचं गाडीभाडं वाचतंय.

गाळा_नंबर_१४:
माझ्या गाळ्यातून आम्ल कधीही तसंच गेलेलं नाही. पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ५.५ ते ९ च्या आत आणल्याशिवाय आम्ही व्हॉल्व्ह उघडत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

कार्बनकॉपी:
०.१ ची इतकी धास्ती का, हे मला समजून घ्यायचंय. एकूण क्रोमियमची मर्यादा नदीसाठीही २ आणि ड्रेनेजसाठीही २. आता हेक्झाव्हॅलंट क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही. आधी आम्लात मेटाबायसल्फाइट घालून त्याचं ट्रायव्हॅलंट करावं लागतं, मगच पीएच आठ-नऊला नेऊन गाळ पाडता येतो. म्हणजे जो गाळा आज क्रोमियमचा गाळ पाडून एकूण २ मध्ये बसतोय, त्याला हे रूपांतर करावंच लागतं. ते पूर्ण केलं तर ०.१ ही मर्यादा सहज गाठता येते. त्यासाठी वेगळी टाकी लागत नाही. निदान क्रोमियमपुरती तरी वीसपट सूट म्हणजे अर्धवट रूपांतराला दिलेली मुभा आहे.

गाळा_नंबर_१४:
रसायनशास्त्र बरोबर आहे. पण हे रूपांतर पुरं झालं का ते दाखवणाऱ्या ओआरपी मीटरचा प्रोब घाण झाला की चुकीचं दाखवतो आणि रात्रपाळीला एकच पोरगा असतो. २ च्या मर्यादेत एखादी चूक खपून जाते, ०.१ ला नाही. शिसं आणि सायनाइड यांचा हिशोब आणखी वेगळा.

आम्हाला पाण्यासाठी सामायिक केंद्र द्या. टँकरने किंवा वेगळ्या पाइपने पाणी तिथे जाऊ दे, लिटरमागे पैसे घ्या. मग ड्रेनेजमध्ये आमच्या संडास-मोरीखेरीज काहीही सोडू नका म्हणालात तरी मी सही करीन. तोवर ०.१ ला माझा विरोध राहील.

इंद्रायणीकाठ:
सामायिक केंद्राला माझा पाठिंबा आहे, आणि ते जिथे चालू होईल तिथे रानवारांची पूर्ण बंदीही मला मान्य आहे. पण ते बांधून होईपर्यंत क्रोमियमची सूट चालू ठेवायला मी तयार नाही. रात्रपाळीच्या पोराची चूक व्हायची शक्यता असेल तर पाणी रात्री साठवा आणि सकाळी तपासून सोडा. साठवणीच्या एका टाकीला गाळ्यात जागा होऊ शकते.

नकाशासाठी पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मागतोय तीन गोष्टी: वसाहतीतली प्रत्येक लाइन कुठल्या केंद्राला जाते, गेल्या वर्षभरात पंपिंग स्टेशन कधी आणि किती तास बंद होतं, आणि केंद्राच्या गाळात धातू तपासले असतील तर त्याचे अहवाल. अर्जात आणखी काय घालायचं ते सांगा.

निवृत्त_ड्रेनेज:
बायपास गेटची नोंदवही मागा. ती प्रत्येक पंपिंग स्टेशनवर असायला हवी. आणि प्रती मागण्याऐवजी 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहा.