मदत हवी आहे: गिरणेच्या पात्रातली विहीर, नळाला गढूळ पाणी, काय करता येईल?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर समजून घ्या.

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेला लागूनच. पाणीपुरवठ्याची विहीर नदीच्या पात्रातच आहे, तिथून मोटरीने पाणी टाकीत चढतं आणि टाकीतून गल्लोगल्ली नळाला. फिल्टर प्लँट वगैरे काही नाही आणि इतकी वर्षं त्याची गरजही पडली नाही, कारण वाळू. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत यायचं ते गाळूनच यायचं. लहानपणी मी आजीसोबत नदीत झिऱ्यावर जायचो, ती हाताने वाळू उकरायची, कोपरभर खड्डा झाला की तळाशी हळूहळू पाणी जमायचं, ते वाटीने बाहेर टाकायची आणि मला म्हणायची, "पह्यलं पानी फेकी दे, मंग भर". तिसऱ्या वेळेला जे पाणी यायचं त्यात वाटीचा तळ स्वच्छ दिसायचा. तेच आम्ही प्यायचो आणि कधी कोणी आजारी पडल्याचं मला आठवत नाही.

आता ती वाळूच राहिली नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला रात्रभर ट्रॅक्टर चालतात. जिथे पुरुषभर वाळू होती तिथे मुरूम आणि काळा गाळ उघडा पडलाय. त्यामुळे एक तर आवर्तन (धरणातून ठराविक काळाने नदीत सोडलेलं पाणी) संपलं की विहीर लगेच तळ गाठते, आणि दुसरं म्हणजे धरणातून आवर्तन सुटलं की पहिले तीन-चार दिवस नळाला चहासारखं पाणी. पावसाळ्यात पहिल्या पुरालाही तेच, वरचं सगळं वाहून येतं ना.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत पाच-सहा घरांत जुलाब लागले, माझी मुलगी सहा वर्षांची आहे तिला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पाणी सोडणारा भाऊ मूठभर टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) विहिरीत टाकतो, बस्स. तो मनाने चांगला आहे पण त्याला कोणी काही शिकवलंच नाही. गावाने नेमकं काय करायला पाहिजे? प्लँटसाठी पैसा नाही. आणि तोपर्यंत घरी काय करू?

पांझरावाले अप्पा
गिरणाकाठ भाऊ, पोरगी आता बरी आहे ना? मी पाणीपुरवठ्यात नोकरी करून रिटायर झालो, धुळ्याकडचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून फार उपयोग होत नाही. क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो आणि जंतू मातीच्या कणाआड वाचतात. म्हणून आधी गढूळपणा काढायचा, मग टीसीएल. आवर्तनाचं पहिलं पाणी आलं की शक्य असेल तर मोटर बंद ठेवा, लोंढा पुढे जाऊ द्या, त्याआधी टाकी भरून ठेवा. आजीने सांगितलं तेच, पहिलं पाणी फेकायचं.

टीसीएल विहिरीत मुठीने टाकू नका, टाकीत मापाने टाका. 1000 लिटरला 5 ग्रॅम धरा. बादलीत आधी थोड्या पाण्यात पेस्ट करायची, मग बादली भरून ढवळायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसतो, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. मग अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही. आणि पोतं कधी उघडलंय ते बघा हो! उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास असतो, 20 च्या खाली गेला तर ती पावडर कामाची नाही. झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवायची.

पडताळा नळावर घ्यायचा, टाकीवर नाही. ओटी टेस्टचे, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारे, थेंब पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मिळतात, पाण्यात टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. शेवटच्या घराच्या नळाला लिटरला कमीत कमी 0.2 मिलिग्राम क्लोरीन उरला पाहिजे.

तापीकाठची ताई
आम्ही प्रकाशाजवळचे. आमच्याकडे तापीवर बॅरेज आहे त्यामुळे पाणी साचलेलं असतं, ते सरळ उचललं तर वाळूचा काही आधार नाही, म्हणून तुरटी मारून गाळ बसवायचा, मग वाळूच्या फिल्टरमधून काढायचं, मग क्लोरीन, एवढं सगळं करावं लागतं. तुमची नदी हे फुकटात करत होती दादा, ती वाळू वाचवा आधी.

जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळाचं पाणी देण्याची सरकारी योजना) दर गावात पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायचं असतं, मी त्यातली एक आहे. तुमच्या गावातलं किट कुठे आहे विचारा, बऱ्याचदा कपाटात पडलेलं असतं. त्यात एचटूएसची बाटली असते, पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात घाण आहे. आमची पहिली बाटली काळी झाली तेव्हा मी ती ग्रामसभेत टेबलावर नेऊन ठेवली होती, मग कोणी काही बोललं नाही. पाण्याला धोका किती त्यावरून आरोग्य विभाग गावाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतो तेही ग्रामपंचायतीत बघा.

घरी सध्या हंड्यात तुरटी दोन-चार वेळा फिरवा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा आणि खळखळून उकळा. पोरीला तेच द्या. हंड्यात हात घालू नका, ओगराळं वापरा.

पांझरावाले अप्पा
ताईचं बरोबर आहे. एक राहिलं, विहिरीभोवती खडी, बारीक खडी आणि वर वाळू असा थर पुन्हा भरता येतो, प्लँटपेक्षा खूप कमी खर्चात होतं. पण रात्रीचे ट्रॅक्टर थांबले नाहीत तर तो थरही उचलून नेतील. ग्रामसभेचा ठराव करून तहसीलदारांना द्या.

गिरणाकाठ
अप्पा, ताई, मनापासून आभार. पोरगी बरी आहे, शाळेत जायला लागली.

आमची टाकी 50 हजार लिटरची, म्हणजे 250 ग्रॅम. किराणा दुकानातून काटा आणला आणि पाणी सोडणाऱ्या भाऊसोबत मी स्वतः निवळी केली. पोतं उघडून किती दिवस झाले त्यालाही आठवेना, म्हणून नवीन मागवलं. टाकीजवळच्या नळाला ओटीचा मस्त पिवळा रंग आला, आणि आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरी रंगच नाही, पाण्यासारखं पाणी! मग शोधत गेलो तर पाइप गटारीतून गेलाय, त्याचा एक जोड गळतोय, आणि वर तीन घरांनी नळाला मोटरी लावल्यात, म्हणजे मोटर सुरू झाली की गटारीचं पाणी त्या जोडातून आत ओढलं जात असणार. जुलाब ज्या घरांत लागले ती सगळी त्या जोडाच्या पुढची घरं आहेत, माझंही.

जोड सोमवारी बदलतोय. मोटरीवाल्या तिघांशी बोललो, एक काढायला तयार आहे, दोघं म्हणतात पाणी चढतच नाही मग काय करू, आणि तेही खोटं नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाळूचा ठराव मांडणार आहे. कोणाच्या गावाने असा ठराव केला असेल तर त्याचा मजकूर इथे टाकाल का?