हंटरडन काउंटी, न्यू जर्सी: बोअरवेलच्या घराचं पाणी कसं तपासायचं?

जर्सीकर
हंटरडनमध्ये दोन घरं पसंत पडली आहेत. एकाला पाणी कंपनीचं कनेक्शन, दुसऱ्याला स्वतःची बोअरवेल. काउंटीच्या पाण्याचा एखादा रिपोर्ट मिळतो का? बोअरवेलचं पाणी चवीला छान आहे, टीडीएस मीटरवर १८० आलं. तेवढं पुरे का? घरात तान्हं बाळ आहे.

पाणवठा
अख्ख्या काउंटीचा एक रिपोर्ट नसतो. प्रत्येक पाणी कंपनीला दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना आपला रिपोर्ट द्यावा लागतो. त्यातला शिशाचा आकडा जपून वाचा. निवडक घरांच्या नळांचे नमुने घेतात आणि त्यातले ९० टक्के ज्या आकड्याच्या आत येतात तो छापतात. तुमच्या नळाबद्दल त्यातून काही कळत नाही. शिसं येतं ते रस्त्यापासून घरापर्यंतच्या पाइपातून, जुन्या सोल्डरमधून. पाइप घरात शिरतो तिथे नाण्याने खरवडा. रुपेरी चकाकी दिसली आणि चुंबक चिकटलं नाही, तर पाइप शिशाचा समजा.

भूजल_अभ्यासक
बोअरवेलसाठी टीडीएसवर अजिबात विसंबू नका. तो मीटर विद्युतवहनावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, मिलिग्रॅममध्ये. आर्सेनिक हे विषारी द्रव्य मोजायचं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. लिटरला २० मायक्रोग्रॅम असलं तरी १८० चा आकडा हलणार नाही, चवही बदलणार नाही.

आणि हंटरडनमध्ये आर्सेनिकच मुख्य धोका आहे. तिथल्या शेल खडकातच ते नैसर्गिकरीत्या असतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, न्यू जर्सीची ५. खाजगी विहिरींवर केंद्राचे नियम चालत नाहीत, पण या राज्यात २००२ पासून घर विकताना विहिरीची तपासणी सक्तीची आहे. तो रिपोर्ट व्यवहार पूर्ण होण्याआधी मागून घ्या.

बाळासाठी नायट्रेट बघा: नायट्रोजन म्हणून मोजलेलं, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवं. वर असेल तर त्या पाण्यात बाळाचं फॉर्म्युला दूध कालवू नका. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं तसं नायट्रेट आणि आर्सेनिक दोन्ही दाट होतात.

जर्सीकर
आर्सेनिक निघालं तर सिंकखाली आरओ बसवला की झालं ना? तळघरात सॉफ्टनर आहेच.

भूजल_अभ्यासक
सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, आर्सेनिकवर त्याचा भरवसा धरू नका. आरओचंही अर्धंच खरं. आर्सेनिक दोन रूपांत असतं. त्यातलं आर्सेनाइट विद्युतभाररहित असल्याने पडद्यातून बरंच निसटतं, त्याचं आधी ऑक्सिडीकरण करावं लागतं. म्हणून कुठलं रूप आहे ते लॅबकडून काढून घ्या. पूर्ण घरासाठी आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या लोहयुक्त माध्यमाच्या दोन टाक्या एकापुढे एक लावतात आणि मधल्या तोटीचं पाणी ठरावीक काळाने तपासतात. तिथे आर्सेनिक दिसू लागलं की पहिली टाकी बदलायची वेळ झाली. तोवर दुसरी सांभाळून घेते.

पाणवठा
नमुना घेताना: पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या तोटीचं. जिवाणूंसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली. आतली पांढरी पूड क्लोरीन मारण्यासाठी असते, ती विसळू नका. तोटीची जाळी काढा, पाच मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी राज्यमान्य लॅबमध्ये पोचवा.