अख्खा मका शेणातून बाहेर पडतो: दोष वयाचा की जातीचा?

माणगंगा
मी सांगली जिल्ह्यातला पशुवैद्यक पदवीधर असून सध्या अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, मांसासाठी जनावरे पोसणाऱ्या एका फीडलॉटवर काम करतो. आमच्या तीन कप्प्यांना महिनाभर एकच खुराक चालू असून त्यात मका अख्खाच घातला जातो. नुकत्याच दूध तुटलेल्या, साधारण अडीचशे किलोच्या अँगस या युरोपीय जातीच्या वासरांच्या शेणात दाणे शोधावे लागतात. कळपातून काढलेल्या म्हाताऱ्या गाईंच्या शेणात मात्र ते इतके असतात की पाखरे त्यावर तुटून पडतात. टेक्सासहून आलेल्या दीड वर्षाच्या, ब्राह्मण या वशिंडाच्या अमेरिकन जातीच्या संकरित खच्ची गोऱ्ह्यांचे प्रमाण या दोहोंच्या मधले आहे. येथील जुने कामगार ठामपणे सांगतात की वशिंडाच्या जनावराला धान्य पचतच नाही. यात तथ्य कितपत आहे?

रवंथ
आधी वयाचा भाग पाहू. दाणा फोडणे हे दातांचे काम आहे. वरचे टरफल शाबूत राहिले, तर कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) जिवाणू आतल्या पिष्टापर्यंत पोहोचू शकत नाहीत. लहान वासरू दाणा नीट चावते आणि रवंथ करताना उरलेलाही फोडते, तर मोठी गाय घास भरभर गिळते आणि तिच्या जाळीपोटातून (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून) पुढे जाणारे द्वार मोठे असल्याने अख्खा दाणा सहज निसटतो. म्हणूनच वैरण कमी असलेल्या खुराकात वासरांना अख्खा मका भरडलेल्या मक्याइतकाच मानवतो, पण गाईंना तो भरडूनच द्यावा लागतो. वाफवून रोलरखाली चपटा केलेल्या मक्यातील तर ९७ टक्क्यांहून अधिक पिष्ट पचते आणि तेथे वयाचा प्रश्न जवळपास उरत नाही. ही सवलत सगळ्या धान्यांना नाही. ज्वारी किंवा गहू वासरालाही अख्खा देऊ नये.

कृष्णाकाठ
अमेरिकन ब्राह्मण ही जात गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची जनावरे यांच्या रक्तातून घडली आहे, तेव्हा हा आरोप एका परीने आपल्याकडच्या बैलांवरच झाला म्हणायचा! या जनावरांची शरीरपोषणाची गरज युरोपीय जातींपेक्षा सुमारे १० टक्के कमी असते आणि रक्तातील युरिया कोठीपोटात परत आणून तो वापरण्यात ती तरबेज असल्यामुळे निकृष्ट वैरणीवर ती अधिक चांगली तग धरतात. भरपूर धान्याच्या खुराकावर मात्र ती अँगसपेक्षा कमी खातात, साहजिकच वजनही कमी भरते, आणि लोक त्याला अपचन समजतात. खाण्याचे प्रमाण सारखे ठेवले, तर पिष्टाच्या पचनात जातींमधला फरक किरकोळ राहतो. शिवाय आपल्या तुलनेत वय आणि जात यांची सरमिसळ झाली आहे, कारण दीड वर्षाचे ब्राह्मण आपण दूध तुटलेल्या अँगस वासरांशी ताडून पाहत आहात.

गव्हाण
दिसणारा प्रत्येक दाणा वाया गेला असे मानू नका. ओंजळभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा आणि दाणा नखाने दाबा. पुष्कळदा नुसते टरफलच हाती लागते. भरडा सुरू करायचाच झाला, तर तो जाडसर ठेवा आणि काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवा, कारण फुटलेला दाणा झपाट्याने आंबतो आणि कोठीपोटाचा सामू (आम्लता दाखवणारा pH) ५.६ च्या खाली उतरू लागला की जनावर खाणे टाकते.

माणगंगा
काल चारही ठिकाणचे शेण धुऊन पाहिले. चौथा कप्पा दीड वर्षाच्या अँगस गोऱ्ह्यांचा होता. गाईंच्या शेणातले बहुतेक दाणे आतून पांढरे आणि पिठूळ निघाले, वासरांकडचे मोजके दाणे पोकळ होते. ब्राह्मण संकरित आणि त्यांच्याच वयाचे अँगस यांच्या चाळण्या शेजारी ठेवल्यावर कोणती कोणाची, हे मलाही सांगता येईना. गाईंच्या मक्यापैकी पाव हिस्सा उद्यापासून जाडसर भरडून देणार आहोत.