प्रतिसाद: सफरचंदाच्या सालीतून आलेली गोळी

पुनर्नवा-गोखरू या औषधी वनस्पतींच्या अर्काने उंदरांच्या किडन्या सुधारल्या पण अ‍ॅलोपथीवाले वनस्पतींकडे बघतच नाहीत असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, त्यातलं उंदरांचं मान्य, दुसरं अजिबात नाही. डायबेटिसवाल्यांच्या किडनीसाठी हल्ली जी डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी देतात ना, तिचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ साली रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं, पुढे कळलं की त्याने लघवीतून साखर बाहेर पडते. पण नुसता अर्क पिऊन भागत नाही, आतड्यातच त्याचे तुकडे होतात, अंगात धड शोषलाच जात नाही. म्हणून त्याचा सांगाडा बदलून गोळी केली, हजारो पेशंट्सवर ट्रायल झाली, २०२० मध्ये निकाल आले की किडनी बिघडण्याचा वेग खरंच कमी होतो. झाडाच्या सालीपासून या निकालापर्यंत एकशे पंच्याऐंशी वर्षं गेली बघा!

आता घरचं सांगतो. आमची आत्या रोज सकाळी स्टीलच्या फुलपात्रात पुनर्नवा-गोखरूचाच काढा घ्यायची, कडू लागतो म्हणून वर गुळाचा खडा (डायबेटिसला!) आणि बीपीची गोळी परस्पर बंद. चार महिन्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की हे वाढतं) १.४ वरून २.६. काढ्याने झालं की गोळी सोडल्याने ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, पण रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं होतं आणि पुनर्नव्यात पोटॅशियम भरपूर असतं. तेव्हा काढा घेताय तर घ्या, पण डॉक्टरांना सांगून, आणि क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) हेही तपासा, ते बहुधा आधी वाढतं.