मदत हवी आहे : लुईव्हिलच्या म्युझियम हॉटेलात आई-बाबांना न्यावं का?

नमस्कार मंडळी! पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिलला दोन रात्री जातोय. मेन स्ट्रीटवरचं '२१सी म्युझियम हॉटेल' मनात भरलंय. जुन्या गोदामांत २००६ साली सुरू झालेलं, आत समकालीन कलेची दालनं, बघायला तिकीट नाही. बाहेर मायकेलअँजेलोच्या नग्न डेव्हिडसारखा सोनेरी, अवाढव्य पुतळा (आईला आधीच सांगून ठेवावं लागेल!), आत लाल प्लॅस्टिकचे पेंग्विन, जे रोज जागा बदलतात. बाबा जेजे स्कूल ऑफ आर्टचे, त्यामुळे ते हरखलेत. आई म्हणते, "झोपायचं की प्रदर्शन बघायचं?"

कुणी राहिलंय का तिथे? दालनांतल्या वर्दळीचा आवाज खोलीपर्यंत येतो का? आणि जवळपास शाकाहारी जेवण मिळेल का? आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.