असोसिएशनची शिष्यवृत्ती नक्की कुणासाठी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन पार पडला. आमच्या जिल्ह्याच्या गावी इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींची असोसिएशन आहे. नाव घेत नाही, कारण अशी एक तुमच्याही गावात असेल आणि तिथला कार्यक्रमही असाच होत असेल. विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार, मागे सिमेंटवाल्यांचा बॅनर, न संपणारी भाषणं, आणि शेवटी अभियांत्रिकीच्या पाचसहा मुलांना शाल, श्रीफळ व प्रत्येकी दहा हजारांची शिष्यवृत्ती. मी सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरतो, तेव्हा चार शब्द बोलायला हरकत नसावी.

पैसे देतात हे चांगलंच आहे. पण ते जातात शेवटच्या वर्षाच्या मुलांना, तेही तिसऱ्या वर्षाचे गुण बघून. जो पोरगा तिसऱ्या वर्षात पहिला आला त्याचं गाडं रुळावर आलेलंच असतं. त्याच्या मागे कॉलेज असतं, कॅम्पस मुलाखती असतात. अडतो तो पहिल्या वर्षाला आलेला, किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात शिरलेला. कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या संपतात आणि आठवडाभरात होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, ड्रॉइंगचं सामान, जुना का होईना लॅपटॉप, सगळं एकदम अंगावर येतं.

‘सरकार देतंय की’ असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. राजर्षी शाहू योजनेत खुल्या गटातल्या मुलांना कॉलेजची निम्मी शिक्षण फी मिळते, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. २०२४-२५ पासून त्याच मर्यादेतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५० हजार देते. सगळं खरं. पण फी माफ झाली म्हणून मेसवाला जेवू घालत नाही, आणि सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरून पैसे खात्यात पडेपर्यंत पोराचं सेमिस्टर उलटलेलं असतं. सरकारकडे पैसा आहे, वेळेवर द्यायची सोय नाही. असोसिएशनकडे पैसा थोडा, पण सेक्रेटरीने मनावर घेतलं तर उद्या सकाळी चेक निघू शकतो. एवढी एकच गोष्ट आपल्याला सरकारपेक्षा बरी जमते आणि नेमकी तीच आपण करत नाही.

माझी सूचना: रक्कम तीच ठेवा. पहिल्या आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्या, गरज बघून द्या, प्रवेशाच्या आठवड्यात द्या. अभियंता दिनाची वाट बघू नका. शाली वाचल्या तर त्यात आणखी एक मुलगा बसेल.

ओळंबा

असहमत. असोसिएशन ही धर्मादाय संस्था नाही, व्यवसायाची संस्था आहे. तिनं आपल्या व्यवसायात हुशार मुलं कशी येतील हे बघावं. चांगल्या गुणांचा पोरगा डोळे झाकून कॉम्प्युटरकडे पळतो आणि सिव्हिलला कॉलेजं मुलं शोधत फिरतात. सिव्हिलमध्ये पहिल्या आलेल्याला भर सभेत बोलावून शाल घातली, तर त्याच्या धाकट्या भावालाही वाटतं की इथे मान आहे. त्या दहा हजारांचं काम हेच.

आणि ज्यांच्या तसबिरीला हार घालता ते स्वतः कोण होते? म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, आजच्या सीओईपीत. १८८३ साली एलसीई या अभियांत्रिकीच्या परीक्षेला पहिले आले म्हणून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली, आणि पुढे खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसले. सगळं गुणवत्तेवर. गरज बघून कुणी नेमलं नव्हतं.

थापी

@ओळंबा, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून बरं झालं. वडील लहानपणी गेले. बंगळूरला मुलांच्या शिकवण्या घेत ते बी.ए. झाले. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्याला येऊ शकले, आणि पुण्यात आले म्हणून १८८३ ला पहिले आले. क्रम बघा. पैसे आधी, पहिला नंबर नंतर. आपली असोसिएशन तेव्हा असती तर म्हणाली असती, आधी एलसीईला पहिला ये, मग बघू.

गुण्या

मी अशाच एका असोसिएशनचा खजिनदार होतो, तेव्हा आतली बाजू सांगतो. ‘गरज बघून द्या’ हे लिहायला सोपं आहे. आम्ही करून बघितलं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला, तर सगळ्यांचे दाखले एकाच मापाचे. एक अर्जदार दाखल्यावर गरीब होता आणि वडील त्याला कारमधून सोडायला आले होते. दुसऱ्याच्या घरी खरोखर अडचण होती, पण वडिलांच्या नावावर जमीन दिसत होती. कोरडवाहू, पाऊस पडला तर पिकणारी. कागदावर मात्र शेतकरी बागायतदार. शहानिशा करायला घरी जाणार कोण? आम्ही सगळे सकाळी साइटवर, संध्याकाळी नगरपालिकेत फायलीच्या मागे.

वर फोन. नगरसेवकाचा, बँकेच्या संचालकाचा, एका सभासदाच्या साडूचा. ‘आपलाच मुलगा आहे, बघा जरा.’ आता यातल्या निम्म्या लोकांकडून आम्हाला कामं मिळतात, त्यांना नाही कसं म्हणणार? तिसऱ्या वर्षी कंटाळून आम्ही गुणपत्रिकेवर आलो. गुणपत्रिका भांडत नाही. नऊ पॉइंट एक हे आठ पॉइंट आठपेक्षा जास्त, विषय संपला. त्यात न्याय किती हे मला विचारू नका, पण त्या वर्षी फोन आले नाहीत.

दुसरं, बरेचसे पैसे देणगीचे असतात. कुणी वडिलांच्या नावाने ठेव ठेवतो आणि पत्रात लिहून देतो, ‘स्थापत्य शाखेत प्रथम येणाऱ्यास.’ देणगीदार गेले, पत्र राहिलं. ते बदलायचं तर वारसांची संमती हवी.

मिरजकरीण

मी इंजिनिअर नाही, दोन मुलांची आई आहे. गरजेवर द्यायचं असेल तर व्यासपीठावर देऊ नका, एवढंच सांगायला आले. आमच्या इथल्या एका संस्थेने ‘गरजू व होतकरू विद्यार्थी’ असा फलक लावून मुलांना रांगेत उभं केलं आणि फोटो पेपरात दिला. शेजारचा मुलगा नंतर कॉलेजात कुणाशी धड बोलेना. माझ्या थोरल्याने त्याच संस्थेचा अर्ज आणून ठेवला होता, तो भरलाच नाही. म्हणाला, जास्तीच्या शिकवण्या घेईन. गुणांवर मिळालेल्या पैशात निदान मान खाली घालावी लागत नाही.

धाकटीची फी माफ झाली, त्याबद्दल सरकारचे आभार. होस्टेल आणि मेस मात्र आमच्याच खिशातून, आणि तिची फी माफ झाली म्हणून थोरल्याची निम्मी काही कमी झाली नाही.

कृष्णाकाठ

@मिरजकरीण, पूर्ण मान्य. पैसे खात्यात, यादी कपाटात. फोटो हवा असेल तर अध्यक्षांचा काढू, तेही खूश.
@गुण्या, फोनचा त्रास समजतो. पण यादी आपण करायचीच कशाला? कॉलेजच्या ऑफिसात फीचे हप्ते मागणाऱ्यांची यादी असते. प्राचार्यांनी नावं पाठवावीत, आपण चेक पाठवावा. साडूला सांगा, प्राचार्यांना भेट.

ओळंबा

आणि प्राचार्यांना फोन येणार नाहीत?

शटरिंग_प्लाय

सगळे दहा हजारांवर भांडताय. मी लेबर काँट्रॅक्टर. माझ्या गवंड्याच्या मुलाला वर्षाला साठ हजार मिळू शकतात, त्यासाठी असोसिएशनला एक रुपयाही खर्च नाही, आणि ते अडतात ते तुमच्या सभासदांच्या सहीवर. कसे ते सांगतो.

राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना ते शिक्षणासाठी मदत देतं, अभियांत्रिकी पदवीला वर्षाला ६० हजार. हा पैसा सरकारच्या खिशातला नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर जो १ टक्का उपकर लागला, तो यात जातो. तुम्ही प्लॅन मंजूर करायला जाता तेव्हा क्लायंटकडून तोच भरून घेता. म्हणजे ज्या स्लॅबवर गवंडी राबतो, त्याच स्लॅबच्या खर्चातून त्याच्या पोराची फी आधीच बाजूला काढलेली आहे.

आता नोंदणीला काय लागतं? वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. खेड्यात ग्रामसेवक देतो. शहरात ठेकेदाराकडे किंवा इंजिनिअरकडे जावं लागतं. आणि साहेब म्हणतात, ‘बघू, पुढच्या आठवड्यात ये.’ दर वर्षी नूतनीकरण, दर वर्षी तेच. माणूस खाडा करून सहीसाठी हिंडतो, दोन हेलपाटे घातले की नाद सोडतो. मग एजंट भेटतो, पैसे घेतो आणि कुठलीतरी सही आणतो. आणि अभियंता दिनाला तेच साहेब मुलांना शाल घालतात.

माझ्याकडच्या एका सेंट्रिंग कारागिराचा मुलगा मेकॅनिकलला आहे. पहिल्या वर्षी अर्ज केला नाही, कारण बापाच्या नोंदणी कार्डाची मुदत संपली होती आणि सही मिळेना. साठ हजार गेले. त्या वर्षी त्याला कुणी दहा हजार दिले असते तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या, पण हिशोब करा.

ओळंबा

@शटरिंग_प्लाय, वाचायला छान वाटतं. मग सही का करत नाहीत तेही लिहा की. ९० दिवस काम केलं असं माझ्या लेटरहेडवर दिलं की उद्या कामगार अधिकारी विचारणार, मस्टर (हजेरीपट) दाखवा, पीएफ दाखवा, विमा दाखवा. नाक्यावर उभा राहून रोजचं काम मिळवणारा कामगार आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. ९० दिवस त्याने केले असतील, माझ्याकडे वीसच केले. मी नव्वदची सही करायची? बोगस नोंदण्यांचं पीक याच सह्यांवर आलंय. रिक्षावाले, पानपट्टीवाले, सगळे बांधकाम कामगार झाले आणि मंडळाचे भांड्यांचे संच घेऊन गेले. असोसिएशनने यात हात घातला तर पहिली चौकशी आमची.

शटरिंग_प्लाय

मस्टर ठेवायला कायद्यानेच सांगितलंय. ठेवत नाही ही तुमची अडचण, गवंड्याची नाही. वीस दिवस केले तर वीस लिहा, बाकीचे सत्तर दुसरा सभासद लिहील. तुम्ही सगळे एकाच असोसिएशनमध्ये आहात, एकाच हॉटेलात मीटिंगा करता. असोसिएशनने एक रजिस्टर ठेवावं, कुणाच्या साइटवर कोण किती दिवस होता. महिन्यातून एक शनिवार सह्यांसाठी बसावं. खऱ्या माणसाला सही मिळत नाही म्हणून बोगसवाल्याचं फावतं, हे उलटंही बघा.

कर्जाऊ

थोडं वेगळं. दान नको, कर्जाऊ शिष्यवृत्ती ठेवा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला तो कर्जाऊच होता. शिकलेला पैसे परत करतो, ते पुढच्याला मिळतात. मुलाला मिंधेपणा नाही, निधीही आटत नाही.

थापी

टाटांकडे वसुलीला माणसं होती. आपल्याकडे सभासदांची वर्गणी वसूल होत नाही.

दुसरं, पैशांपेक्षा मुलांना काम बघू द्या. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले. वर्गात अनेकांनी बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कशा कापायच्या-वाकवायच्या त्याचा तक्ता, फक्त वहीत बघितलं होतं. सुट्टीत साइट शोधायला गेले तर तीन ठिकाणी ‘मुलींसाठी सोय नाही’ म्हणून परत पाठवलं. सोय म्हणजे काय, तर एक संडास. शिष्यवृत्तीच्या यादीत मुलींची नावं हौसेने वाचतात, तेच सभासद.

मिरजकरीण

@थापी +१. हा वेगळा धागा काढ गं.

कृष्णाकाठ

@शटरिंग_प्लाय, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि रजिस्टरची कल्पना मला पटली. पण त्याने माझा मुद्दा संपत नाही. अडलेला प्रत्येक मुलगा गवंड्याचा नसतो. कुणाची आई मेस चालवते, कुणाचे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहेत. त्यांना मंडळ नाही, कार्ड नाही. आणि गवंड्याच्या मुलाचे साठ हजार मंजूर झाले तरी तेही उशिरानेच येणार. सप्टेंबरमधली फट राहतेच.

@ओळंबा, सिव्हिलला हुशार मुलं हवीत, कबूल. पण ती चौथ्या वर्षाला शाल दिल्याने कशी येतील? शाखा तर पहिल्या वर्षाच्या आधीच निवडलेली असते. तुमच्याच हिशोबाने पैसे प्रवेशाच्या वेळी द्यायला हवेत.

ओळंबा

द्या. पण सिव्हिल घेणाऱ्यालाच. कॉम्प्युटरवाल्याला आमच्या वर्गणीतून का?

शटरिंग_प्लाय

गवंड्याचं पोरगं कॉम्प्युटरलाच जाणार हो. बापाची कंबर त्याने बघितलीय.

गुण्या

खजिनदारपद सोडलं तरी कार्यकारिणीत अजून आहे, म्हणून कामाचं बोलतो. जुन्या ठेवींच्या अटी बदलणं अवघड, त्या पहिल्या नंबरालाच जातील. सिमेंटवाल्यांकडून येणाऱ्या रकमेला मात्र कसलीच अट नाही, ती प्रवेशाच्या वेळी देता येईल. ‘फक्त सिव्हिल’ घालायचं का यावर भांडण होणार, होऊ दे. रजिस्टर आणि सह्यांच्या शनिवारचा ठराव कुणीतरी लेखी द्या, मी विषयपत्रिकेत घालतो. अनुमोदक आत्ताच शोधून ठेवा, निम्मी मंडळी मस्टरचा शब्द ऐकून चहाला उठतील. आणि गेल्या दोन सभा कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब कराव्या लागल्या होत्या. इथे लिहिणाऱ्यांपैकी जे सभासद आहेत त्यांनी निदान वेळेवर या.